वाळवंटांतील आवर्त आणि आपली वावटळ
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

चैत्र सरून वैशाख लागला कीं नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुपारीं बाराच्या सुमारास एक देखावा हटकून दिसतो. लोहा मागें पडलेलें असतें, अहमदपूर अजून यावयाचें असतें. दोन्ही बाजूंस नांगरून टाकलेली काळी जमीन उन्हांत तापत पडलेली असते. माणूस नाहीं, गुरूं नाहीं, वाऱ्याची झुळूकहि नाहीं. इतक्यांत एखाद्या वावराच्या मध्यभागीं पाचोळा हलूं लागतो, गरगर फिरतो, आणि पाहतां पाहतां मातीचा एक उंच, सडपातळ खांब उभा राहून चालूं लागतो. बांधापाशीं येऊन तो क्षणभर घुटमळतो, पलीकडच्या शेतांत उतरतो, आणि जसा आला तसाच कोठें तरी विरून जातो. हीच आपली वावटळ.

१९७२ सालीं पाऊस गेला तेव्हां मी अकरा वर्षांचा होतों. पुढच्या उन्हाळ्यांत आमच्या गांवच्या माळावर खडी फोडण्याचें दुष्काळी काम निघालें. आईवडील तेथें जात, आणि धाकट्या बहिणीला सांभाळण्याचें काम माझ्याकडे असे. चार काठ्या रोवून त्यांवर गोणपाट टाकलें होतें. त्या सावलींत ती निजली होती. एका दुपारीं वावटळ आली ती सरळ त्या गोणपाटावरच. काठ्या उपटल्या गेल्या, गोणपाट ताडमाड उडालें, आणि बहीण तोंडभर माती घेऊन रडत उठली. तिला इजा झाली नाहीं, पण माझी मात्र गाळण उडाली. आजीनें पायांतली वहाण वावटळीच्या रोखानें भिरकावली आणि म्हणाली, “त्याच्या वाटंला जाऊ नगं रे लेकरा, आत सैतान असतंय.” शेजारीं हजेरीपट घेऊन एक गृहस्थ बसले होते. ते हसले व म्हणाले, “सैतान कसला, आजी? तिकडं राजस्थानच्या वाळवंटात मोठी तुफानं होतात. त्यांचीच ही पिलं इकडं येतात.”

हें उत्तर मला सैतानापेक्षां शास्त्रीय वाटलें. पुढें मॅट्रिक होऊन मी शिक्षक झालों, आणि भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षें हेंच उत्तर मुलांना देत आलों. तें चूक होतें. सेवानिवृत्तीनंतर वाचावयास सवड मिळाली तेव्हां ही चूक उमगली, आणि ती मनाला इतकी लागली कीं जुना विद्यार्थी जो भेटेल त्याला थांबवून मी दुरुस्ती सांगूं लागलों. आज येथें बोलावयास आलों तोहि पुष्कळसा त्याच कारणासाठीं. चार गांवच्या चव्हाट्यांवर जें सांगून संपलें नसतें तें नभोवाणीवरून एकदांच सांगून होईल!

धूळ उडालेली दिसली कीं आपण तिला एकच समजतों. परंतु ती उडविणारीं कारणें तीन निराळीं आहेत. पहिली वावटळ, ती जागच्या जागीं, तापलेल्या जमिनीवर जन्मते. दुसरी आंधी, ती ढगांतून खालीं कोसळणाऱ्या थंड हवेनें उठते. आणि तिसरें वाळवंटांतील आवर्त, म्हणजे शेंकडों मैल विस्ताराचें चक्रीवादळ, जें बहुधा पावसाविना येतें आणि प्रांतच्या प्रांत धुळीनें झांकून टाकतें. हीं एकमेकांचीं पिलें नव्हेत. हा भेद स्पष्ट होण्यास सुमारें दोनशें वर्षें लागलीं. आणि तें काम करणारांत खोगीर शिवणारा एक कारागीर, लष्करांतील एक शल्यवैद्य आणि एक शाळामास्तर असे लोक आहेत.

प्रथम घरच्या वावटळीकडे पाहूं. काळी माती ऊन फार पिते. वैशाखाच्या दुपारीं नांदेडला सावलींतील हवेचें तापमान ४२-४३ अंशांवर असलें, तर उघड्या काळ्या रानाच्या पृष्ठभागाचें तापमान ६० अंशांच्याहि वर गेलेलें असतें. अनवाणी चालणाऱ्या माणसाला हें आंकड्यांनीं सांगावें लागत नाहीं. या तापलेल्या जमिनीला चिकटून असलेला हवेचा पातळ थर तितकाच तापतो, पण त्याच्या वर वीतभर अंतरावर हवा पुष्कळच थंड असते. हा उतार किती विलक्षण असतो याचा विचार आपल्याच देशांत झाला. १९३२ सालीं एस. एल. मलूरकर व एल. ए. रामदास या हवामानशास्त्रज्ञांनीं जमिनीलगतच्या तापमानाच्या या तीव्र उतारावर निबंध प्रसिद्ध केला. खालीं हलकी आणि वर जड अशी ही रचना फार वेळ टिकत नाहीं. एखाद्या ठिकाणीं ती फुटते. खालची उष्ण हवा तेथून वर घुसते, तिची जागा घेण्यास चोहोंकडून हवा धांवते, आणि धांवतांना तिला थोडें जरी वळण मिळालें तरी मध्याजवळ तें वळण वाढत जातें. दोरीला खडा बांधून फिरवावा आणि दोरी बोटाभोंवतीं गुंडाळूं द्यावी. दोरी आंखूड होत जाते तसतसा खडा अधिकाधिक जलद फिरतो. वावटळींतील हवा त्याच नियमानें गिरक्या घेते. बांध, एकटें झाड, उभी बैलगाडी, एवढें निमित्तहि पहिल्या वळणाला पुरतें. बहुतेक वावटळी कांहीं मिनिटांत विरतात; खांब पन्नास-शंभर फूट उंच सहज असतो, क्वचित् हजार फुटांच्या वरहि जातो.

वावटळीच्या मागें लागण्याचा मोह थोरांनाहि आवरत नाहीं. अमेरिकेचे प्रसिद्ध पुढारी आणि विजेचे संशोधक बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७५५ सालीं मेरीलँड प्रांतांत एका वावटळीचा घोड्यावरून पाठलाग केला, आणि ती मोडते कीं काय हें पाहण्यासाठीं तिच्यांत चाबूक मारून पाहिला. वावटळ मोडली नाहीं. आजीची वहाण आणि फ्रँकलिनसाहेबांचा चाबूक यांत फरक हेतूचा होता, फळ दोन्हींचें एकच!

मीहि मुलांना असाच एक उद्योग लावीत असें. उन्हाळ्याच्या सुटींत जी वावटळ दिसेल ती कोणत्या दिशेनें फिरते, घड्याळाच्या कांट्याप्रमाणें कीं उलट, हें वहींत टिपावयाचें. सुटीनंतर वह्या पाहाव्या तों कांहीं अशा, कांहीं तशा. दोन्ही प्रकार जवळजवळ बरोबरीचे. मुलें विचारीत, “गुरुजी, यांतलें खरें कोणतें?” मी म्हणें, “टिपण्यांत चूक झाली असेल.” श्रोतेहो, टिपण्यांत चूक नव्हती. उत्तर त्या वह्यांतच होतें, आणि तें मला दिसलें नाहीं. कारण मोठ्या चक्रीवादळाची गिरकी आपल्या उत्तर गोलार्धांत नेहमी एकाच दिशेची असते, घड्याळाच्या कांट्याच्या उलट. वावटळी जर त्या वादळांचीं पिलें असत्या, तर सगळ्याच आईच्या वळणावर गेल्या असत्या.

मोठीं वादळें फिरतात हेंच मुळीं लोकांना उशिरा कळलें. १८२१ सालीं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक प्रचंड वादळ होऊन गेलें. त्यानंतर विल्यम रेडफिल्ड नांवाचा एक खोगीर शिवणारा कारागीर पायीं प्रवास करीत असतां त्याच्या ध्यानांत आलें कीं एका भागांत उन्मळलेलीं झाडें एका दिशेला पडलीं आहेत, आणि कांहीं मैलांवर तीं नेमकीं उलट दिशेला. त्यावरून त्यानें अनुमान केलें कीं हें वादळ म्हणजे एक अवाढव्य भोंवरा होता. त्याचा निबंध १८३१ सालीं छापून आला. ही गिरकी एकाच दिशेची कां, याचा उलगडा विल्यम फेरेल यानें १८५६ सालीं केला. फेरेल तेव्हां नॅशव्हिल येथें मुलांना शिकवीत असे; म्हणजे आमच्याच जातकुळीचा. फिरत्या पृथ्वीवर दूरवर वाहणारा वारा सरळ जात नाहीं, उत्तर गोलार्धांत तो उजवीकडे वळतो, हें त्यानें दाखविलें. कमी दाबाच्या केंद्राकडे धांवणारे वारे असे उजवीकडे ढळले कीं केंद्राभोंवतीं डावा फेर धरतात. पण त्यासाठीं अंतर शेंकडों मैलांचें आणि वेळ कित्येक तासांचा लागतो. पन्नास फूट रुंदीच्या, पांच मिनिटांच्या वावटळीला पृथ्वीच्या फिरण्याची दादच नसते. तिला बांधावरची बाभूळ पुरते.

या मोठ्या भोंवऱ्यांना ‘सायक्लोन’ हें नांव मिळालें तें आपल्याच देशांत. कलकत्त्यास सागरी अपघातांच्या चौकशीचें काम पाहणारे हेन्री पिडिंग्टन यांनीं खलाशांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत १८४८ सालीं तें योजलें. वेटोळें घातलेल्या सर्पाचा अर्थ सांगणाऱ्या ग्रीक शब्दावरून तें घेतलेलें आहे. पुढें १८६४ च्या भयंकर वादळानें कलकत्त्याची दाणादाण उडविली, आणि १८७५ सालीं हिंदुस्थानचें हवामान खातें स्थापन झालें. त्या खात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें; पुण्याच्या त्या कचेरीला ‘सिमला ऑफिस’ हें नांव चिकटलें तें त्यामुळेंच.

आतां दुसऱ्या कारणाकडे, आंधीकडे वळूं. बंगालच्या लष्करांतील शल्यवैद्य पी. एफ. एच. बॅडेली १८४७ च्या उन्हाळ्यांत लाहोरला होते. तेथील धुळीच्या वादळांनीं त्यांना भुरळ घातली. लोक दारें लावून बसत तेव्हां हे गृहस्थ गच्चीवर बांबूला तांब्याची तार बांधून ती खोलींत आणीत, आणि वादळ डोक्यावर आलें असतां तारेंतून विजेच्या ठिणग्या निघतांना पाहत. १८६० सालीं त्यांनीं हिंदुस्थानांतील वावटळी व धूलिवादळें यांवर पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांचें मत असें कीं वीजच धुळीला उचलते. निरीक्षण पक्कें, अनुमान उलटें! आज आपण जाणतों कीं उडणारे कण एकमेकांवर घासून व आदळून वीज उत्पन्न करतात. वीज हें वादळाचें फळ आहे, कारण नव्हे. तरी मला या बॅडेलीसाहेबांविषयीं फार आदर वाटतो. चूक छापून ठेवणारा माणूस पुढच्याला वाट दाखवितो. ती तासाला तोंडानें सांगणाऱ्या माझ्यासारख्याला तेवढेंहि श्रेय नाहीं.

आंधीचें खरें कारण ढगांत आहे. उन्हाळ्यांतील उंच मेघांतून पाऊस पडूं लागतो, पण खालची हवा इतकी कोरडी असते कीं थेंब वाटेंतच सुकून जातात. सुकतांना ते हवेची उष्णता शोषून घेतात. थंड झालेली ती हवा जड होऊन धाडकन् खालीं कोसळते, आणि जमिनीवर आपटून पाण्याच्या लोंढ्याप्रमाणें चोहोंकडे पसरते. तिच्या तोंडाशीं जी धुळीची भिंत उभी राहते ती आंधी. आग्र्याच्या धूलिवादळांचा अभ्यास श्रीनिवासय्या व सूर यांनीं १९३९ सालीं हवामान खात्याच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध केला. सुदानमध्यें खार्टुमला हेंच वादळ ‘हबूब’ या नांवानें येतें. २ मे २०१८ च्या रात्रीं उत्तर प्रदेश व राजस्थान मिळून अशा वादळांनीं शंभराहून अधिक माणसें घेतलीं. बहुतेक घरांच्या भिंती व झाडें पडून मेलीं. आपल्याकडे वळवाचा पाऊस येण्यापूर्वीं जें वावधान सुटतें, पत्रे उडवितें, आंब्यांचा सडा पाडतें, तें याच कुळांतलें. फरक इतकाच कीं आपल्या वावधानामागून बहुधा पाऊस येऊन धूळ बसवितो. तिकडे धूळच मुक्कामाला राहते.

तिसरें कारण या दोहोंहून भव्य आहे. समुद्रावरचें चक्रीवादळ वाफेवर जगतें. वाफेचें पाणी होतांना जी उष्णता सुटते तीच त्याचा आहार, म्हणून जमिनीवर आलें कीं तें थोड्याच वेळांत थकतें. मग वाळवंटांत, जेथें वाफ नांवालाहि नाहीं, तेथें चक्रीवादळ जगतें कशावर? तें जगतें दोन हवांमधील फरकावर. हा विचार नॉर्वेंतील बर्गेन येथें पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पक्का झाला. याकोब ब्यर्कनेस या तरुण शास्त्रज्ञानें १९१९ सालीं दाखविलें कीं उष्ण व थंड हवेचे दोन विस्तीर्ण समूह जेथें एकमेकांना भिडतात त्या सीमेवर हीं आवर्तें उत्पन्न होतात. युद्धाचे दिवस होते म्हणून त्या सीमेला नांवहि ‘आघाडी’ असेंच पडलें.

वसंत ऋतूंत सहारा वाळवंट झपाट्यानें तापतें, आणि उत्तरेकडचा भूमध्य समुद्र अजून हिंवाळ्याच्या गारव्यांत असतो. एका बाजूला भट्टी, दुसऱ्या बाजूला गार पाणी, आणि मध्यें मोरोक्को-अल्जीरियांत उभी असलेली ॲटलास पर्वताची रांग. पश्चिमेकडून येणारी थंड हवा हा पर्वत ओलांडून दक्षिणेच्या अंगाला उतरते, तेव्हां तिचा थर उभा ताणला जातो. ताणला जाणारा थर आंत आंखडतो, आणि मघांच्या दोरीच्या खड्याप्रमाणें त्याची गिरकी वाढते. पर्वताच्या आडोशाला दाब उतरतो, चोहोंकडचे वारे तिकडे धांवतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळें डावा फेर धरतात, आणि आवर्त तयार होतें. मग तें आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यानें पूर्वेकडे चालूं लागतें. दोन-तीन दिवसांत लिबिया ओलांडून तें मिसर देशांत पोंचतें. त्याच्या पुढच्या अंगाला दक्षिणेकडचा, वाळवंटाच्या गाभ्यांतला, भाजून काढणारा वारा वाहतो. त्यालाच मिसरचे लोक ‘खमसीन’ म्हणतात. अरबींत खमसीन म्हणजे पन्नास, कारण वसंतांतील सुमारें पन्नास दिवसांच्या मुदतींत हा वारा अधूनमधून येतो. आवर्ताच्या पाठीमागें समुद्रावरची थंड हवा असते. ती पाचरीप्रमाणें उष्ण हवेच्या खालीं घुसते, आणि त्या क्षणीं वाऱ्याची दिशा फिरते, तापमान कांहीं तासांत दहा-पंधरा अंशांनीं उतरतें, आणि क्षितिजावर तांबूस-पिवळा पडदा उभा राहतो. पुष्कळदां पुढच्या उष्ण वाऱ्यापेक्षां हा मागचा थंड झोतच अधिक धूळ उचलतो.

हीं आवर्तें मिसरला थांबत नाहींत. कांहीं विरतात, कांहीं पुढें सीरिया-इराक ओलांडतात, भूमध्य समुद्रावर जन्मलेलीं त्यांचीं भावंडें त्यांना मिळतात, आणि इराणमार्गे हिंदुस्थानच्या वायव्य सीमेपर्यंत पोंचतात. हिंवाळ्यांत पंजाबच्या गव्हाला पाऊस देणारा ‘पश्चिमी झंझावात’ तो हाच. इराकांत त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या वायव्येच्या वाऱ्याला ‘शमाल’ म्हणतात. उन्हाळ्यांत तो दुसऱ्या कारणांनीं दिवसेंदिवस वाहतो. या धुळीशीं मराठी माणसांची ओळख जुनी आहे. पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या, आणि डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चाललेल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकून पडल्या होत्या. त्या शिपायांनीं वेढ्यांतल्या भुकेबरोबर त्या देशाची धूळहि खाल्ली.

आतां एक प्रश्न राहतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वारा कितीहि जोराचा असो, धूळ जमिनीवरून उठते कशी? आपल्याला वाटतें, धूळ हलकी म्हणून सहज उडते. वस्तुस्थिति विपरीत आहे. पिठासारखी बारीक धूळ एकमेकींना व जमिनीला इतकी चिकटून असते कीं नुसत्या वाऱ्याला ती सोडवत नाहीं. हें कोडें राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्यानें सोडविलें. मिसर-लिबियाच्या वाळवंटांत मोटारी घालून त्यानें कित्येक प्रवास केले, पुढें लंडनला कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यांत वाळू उडवून पाहिली, आणि १९४१ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वारा प्रथम हलवितो ते वाळूचे मध्यम कण, साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचे. ते उड्या मारीत पुढें जातात. प्रत्येक उडीच्या अखेरीस कण जमिनीवर गोळीसारखा आदळतो, आणि त्या माऱ्यानें खालची बारीक धूळ सुटी होऊन वर फेंकली जाते. एकदां वर गेली कीं मग ती दिवसचे दिवस खालीं येत नाहीं. सहाराची धूळ अटलांटिक महासागर ओलांडून जाते ती अशीच.

याचा अर्थ असा कीं धुळीच्या वादळाला वाऱ्याइतकीच मोकळी जमीन लागते. पपडी धरलेली, गवतानें बांधलेली, धसकटें उभीं असलेली जमीन वाऱ्याला कण देत नाहीं. अमेरिकेनें हें फार महाग किंमत देऊन शिकलें. तेथील मध्यभागांतल्या गवताळ पठारांवर शतकानुशतकें वारे वाहत होते. पण ट्रॅक्टरांनीं गवत उलथून गहूं पेरला गेला, आणि १९३१ पासून अवर्षण पडतांच तीच भूमि आकाशांत गेली. मे १९३४ मध्यें ती धूळ न्यूयॉर्क-वॉशिंग्टनपर्यंत पोंचली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारीं दुपारींच रात्र झाली. तो दिवस तेथें ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. त्याच महिन्याच्या २७ तारखेला मृदसंधारणाचा कायदा झाला. ह्यू बेनेट हे त्या चळवळीचे धुरीण.

आपल्या बाजूला त्याच सुमारास सोलापूरला कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचें केंद्र १९३३ सालीं सुरू झालें, आणि नी. वि. कानिटकर यांचें नांव त्या कामाशीं कायमचें जोडलेलें आहे. त्यांचें लक्ष मुख्यतः पाण्यानें वाहून जाणाऱ्या मातीकडे होतें, आणि तें योग्यच होतें. आपल्या दख्खनच्या मातीचा मोठा चोर पाऊस आहे, वारा धाकटा चोर. परंतु उघड्या रानांत दोघेहि एकाच दारानें शिरतात. काळी माती सुदैवानें ढेकळांची आहे. ढेकूळ उडत नाहीं. मात्र उन्हाळ्यांत गुरांच्या खुरांखालीं, आणि आतां ट्रॅक्टरच्या चाकांखालीं, त्या ढेकळांचा भुगा होतो. आणि चिकणमातीच्या त्या भुग्याचे रवे वाऱ्यांत वाळूच्या कणांसारखेच उड्या घेतात. किनवट-माहूरच्या रानांत फिरलेल्या माणसाला वावटळींची अशी दाटी तेथें आढळत नाहीं. लातूर जिल्ह्यांत जंगल शेंकडा एकाहूनहि कमी. माझ्या लहानपणीं प्रत्येक धुऱ्यावर बाभूळ आणि लिंब होते. वाटण्या झाल्या, धुरे निम्मे झाले, झाडें गेलीं. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातूरला पाणी आणावें लागलें त्या उन्हाळ्यांत मी औशाच्या बाजूला एकाच वेळीं पांच वावटळी चालतांना पाहिल्या. त्यांतली एकहि राजस्थानाहून आलेली नव्हती. त्या सगळ्या तेथल्याच रानांतून उठल्या होत्या, आणि नेत होत्या ती मातीहि तेथलीच होती.

तरीहि हजेरीपटावरच्या त्या गृहस्थांवर पूर्ण अन्याय करूं नये. वाळवंटाचा हात महाराष्ट्रापर्यंत पोंचतच नाहीं असें नाहीं. मार्च २०१२ मध्यें पश्चिमेकडच्या वाळवंटांतून उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबईवर आली आणि दूरचें दिसेनासें झालें. २३ जानेवारी २०२२ रोजीं पुन्हां तसेंच झालें. एका पश्चिमी झंझावाताच्या वाऱ्यानें पाकिस्तानच्या बाजूची धूळ मुंबई-पुण्यापर्यंत आणली, आणि रस्त्यांत उभ्या केलेल्या मोटारींवर पांढुरकी भुकटी सांपडली. उपग्रहानें टिपलेल्या चित्रांत समुद्रावरचा तो धुळीचा पट्टा दिसतो. पण ही धूळ खांब करून चालत येत नाहीं. ती वरच्या हवेंतून, मळकट धुक्यासारखी, गाजावाजा न करतां येते, आणि सूर्य चंद्रासारखा फिका दिसूं लागतो.

मराठवाड्याला या पश्चिमेच्या वाऱ्यांची खरी ओळख मात्र धुळीनें झाली नाहीं, गारांनीं झाली. २०१४ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत पश्चिमेकडचा थंड प्रवाह नेहमीपेक्षां पुष्कळच दक्षिणेला उतरला, समुद्रावरून आलेली ओलसर हवा त्याला येऊन भिडली, आणि लातूर, नांदेड, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत गारांचा मारा झाला. काढणीला आलेली ज्वारी, गहूं, हरभरा, द्राक्षांच्या बागा, सगळें आडवें झालें. झाडांखालीं पक्षी मरून पडले होते. आमच्या घरामागच्या हरभऱ्यांत तिसऱ्या दिवशींहि कोपऱ्यांत गारांचा ढीग पांढरा होता. इराक-इराणवर हीच आवर्तें रेतीच्या भिंती उभ्या करतात. येथें त्याच वाऱ्यांनीं बर्फ टाकलें.

वेळ संपत आली. ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांना येत्या वैशाखासाठीं एक काम सांगून ठेवतों. दुपारीं अकरा ते तीनच्या दरम्यान गांवाबाहेरच्या मोकळ्या रानाच्या कडेला, झाडाच्या सावलींत उभें राहावें. डोळ्यांवर चष्मा किंवा फडकें असावें. वावटळ उठली कीं ती कोणत्या बाजूला फिरते तें पाहावें, आणि जेथून उठली ती जागा नांगरलेली होती, तुडविलेली होती कीं गवताची, हेंहि लिहावें. संध्याकाळीं ढग उंच चढले आणि त्यांच्या पायथ्याशीं तपकिरी रेघ दिसली तर मात्र वही मिटून घरीं यावें, गुरें आंत बांधावीं, आणि पत्र्यावरचे दगड नीट आहेत ना तें पाहावें. मुलांनीं दोन्ही दिशा लिहून आणल्या तर त्यांना, टिपण्यांत चूक झाली, असें कृपा करून सांगूं नये.